माती पश्चिमेची, दार पूर्वेचं

प्राणिशास्त्र विभागाच्या तळमजल्यावर, जिन्याखालून वाकून गेलं की एक लांबट खोली लागते. तिला खिडक्या दोन, पंखा एक आणि कपाटं एकोणतीस. कपाटांत बरण्या, बरण्यांत नळ्या, नळ्यांत कोळी. काही विंचू आहेत, काही गोमी आहेत, कुणीतरी हौसेनं आणून ठेवलेला दोन डोक्यांचा सरडाही आहे. पण मुख्य वस्ती कोळ्यांचीच. गेली सदतीस वर्षं ही वस्ती सांभाळणाऱ्या बाईंना विद्यार्थी तोंडावर काकू म्हणतात आणि पाठीमागे बरणीकाकू. दोन्ही त्यांच्या कानांवर आहे. कशाचंच त्यांना काही वाटत नाही.

काम ऐकायला सोपं. स्पिरिट उडून जातं, म्हणून दर तीन महिन्यांनी एकेक बरणी उघडायची, पातळी बघायची, भर घालायची. नळीच्या तोंडाचा कापूस पिवळा पडला असेल तर नवा घालायचा. नळ्या अकरा हजार. शेवटच्या कपाटाशी पोचावं तोवर पहिल्या कपाटाला पुन्हा तहान लागलेली असते. काकूंचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे, आता घरीच असतात. ते या कामाला ‘बेवड्यांची सेवा’ म्हणतात.

आणि लेबलं. लेबल नळीच्या आत घालायचं, बाहेर चिकटवायचं नाही. बाहेरचं गळून पडतं, आतलं कोळ्याच्या सोबतीला राहतं. जाड कागद आणि पेन्सिल, कारण शाई स्पिरिटात विरघळते. कुठे सापडला, कधी, कुणी पकडला, कशात ठेवला. एवढंच. पण या खोलीत एक नियम आहे आणि त्याला अपवाद नाही: जुनं लेबल काढायचं नाही. चुकीचं असलं तरी नाही. नवं लिहायचं आणि जुन्याच्या मागे सरकवायचं. चूक ज्याची, त्याच्या अक्षरात ती राहू द्यायची. हे काकूंनी पोरापोरींच्या डोक्यात इतकी वर्षं ठोकून बसवलं की त्यातले काही प्राध्यापक झाले आणि आता आपल्या पोरांच्या डोक्यात ठोकतात.

हाच नियम काकूंनी स्वतः एकदा मोडला होता. खोडलं काही नव्हतं. लिहायला हवं होतं ते लिहिलं नव्हतं.

निवृत्तीला सात महिने उरले असताना एक मुलगी खाली आली. पीएचडी करणारी, बारीक चणीची, केसांत खोचलेली पेन्सिल आणि हातात कायम चिमटा. काकूंनी तिचं नाव चिमटीच ठेवलं.

“काकू, मला पाय हवेत.”

“तुला दोन दिसतायत की.”

“कोळ्यांचे हो! झाकणवाल्यांचे. प्रत्येकाचा एकच.”

“घे. उजवीकडचा, पुढून तिसरा. सगळ्यांचा तोच घ्यायचा, म्हणजे पुढच्याला कळतं की पाय आपण काढला, मुळात लंगडा नव्हता. आणि नराच्या तोंडापुढच्या त्या दोन मिशांना हात लावलास तर हात कलम करीन. त्याची ओळख तिथेच असते.”

झाकणवाला कोळी म्हणजे घरकोंबड्यांतला घरकोंबडा. मातीत वीतभर खोल बीळ खणतो, आतून रेशमाचं अस्तर लावतो, वर माती आणि रेशीम कालवून झाकण बसवतो, त्याला एका बाजूला बिजागरी. मादी जन्मभर त्याच दाराआड. पिल्लं बाहेर पडतात तीही चार हातांवर जाऊन तिथेच आपलं दार लावतात. दुसऱ्या जातीच्या कोळ्यांची पोरं रेशमाचा धागा सोडून वाऱ्यावर कोसभर उडून जातात. यांच्यात ती धमक नाही. म्हणून मध्ये साधा ओढा आला तरी यांच्या लेखी तो समुद्रच. अलीकडचे इकडे, पलीकडचे तिकडे. लाखो वर्षं सोयरीक बंद.

चिमटीला तेच मोजायचं होतं. पायातल्या मांसातून डीएनए काढायचा, त्यातली अक्षरं वाचायची, दोन कोळ्यांची अक्षरं शेजारी शेजारी मांडायची. जितकी अक्षरं वेगळी, तितकी ताटातूट जुनी. शितावरून भाताची परीक्षा. फक्त शीत म्हणजे एक पाय.

“एका ओढ्याच्या दोन तीरांवरचे आहेत आपल्याकडे,” चिमटी म्हणाली. “पश्चिमेचे पंधरा, पूर्वेचे बारा. पूर्वेचा उतार तर आता नाहीच म्हणे?”

“नाही,” काकू म्हणाल्या. “त्याची खडी झाली. तू रोज ज्या रस्त्यानं येतेस ना, तो असेल त्याचाच.”

तिनं सत्तावीस पाय नेले. काकूंनी सही घेतली आणि कपाट लावलं. किल्ली दोनदा फिरवली, एकदा पुरत असताना.

पश्चिमेच्या पंधरांपैकी चौदा नीट वाचता आले. चिमटी जिन्यावरून ओरडतच खाली आली, की काकू, पन्नास पावलांवरच्या दोन माद्यासुद्धा वेगळ्या निघतात, प्रत्येक जण आईच्या दाराशीच चिकटून! पूर्वेच्या बारांतून काहीच आलं नाही. एक अक्षर नाही. तिनं रसायनं बदलली, भांडी बदलली, दुसरा पाय मागून नेला, तिसरा नेला. सुट्टीच्या दिवशीही येऊन बसायला लागली. चौथ्या महिन्यात ती खाली आली ती नुसतीच स्टुलावर बसली.

“माझेच हात वाईट आहेत, काकू. आई म्हणायचीच, हिच्या हातून दही लागत नाही.”

काकू कापूस पिळत होत्या. पिळत राहिल्या.

“सर म्हणतात, पूर्वेचं प्रकरण काढून टाक. पश्चिमेवर पदवी मिळते.”

प्रकरण काढून टाक. पस्तीस वर्षांपूर्वी याच खोलीत, याच स्टुलावर बसून दुसऱ्या एकीनं हेच शब्द सांगितले होते.

गोष्ट त्याच्या दोन वर्षं आधी सुरू झाली. तेव्हा काकू काकू नव्हत्या. तेविशीची, बुटकी, नुकती नोकरीला लागलेली मुलगी होती आणि तिला ‘बूच’ म्हणणारं जगात एकच माणूस होतं. ते माणूस म्हणजे शिडी. पीएचडीला आलेली, इतकी उंच की जिन्याखालून येताना रोज डोकं आपटायची आणि रोज नव्यानं शिव्या द्यायची. बुचीला कोळ्यांची किळस यायची. शिडीनं तिला पहिल्याच आठवड्यात ओढ्याच्या उतारावर नेलं, पालथं झोपवलं आणि हातात गवताची काडी दिली.

“टकटक कर.”

बुचीनं दारावर काडी आपटली. दार किंचित हललं आणि घट्ट बसलं. आतून कुणीतरी ओढून धरलं होतं.

“आतून कडी लावली बघ,” शिडी म्हणाली. “आपल्या वॉर्डनबाईपेक्षा कडक आहे.”

दोघी पोट दुखेपर्यंत हसल्या. त्या दिवसापासून बुचीची किळस गेली आणि पुढची दोन वर्षं एक भिंग, एक डबा आणि एक छत्री यांत दोघींचं भागलं. छत्रीत शिडी उंच, त्यामुळे बूच कायम भिजायची. तक्रार नव्हती.

शिडीच्या लक्षात एक गोष्ट आली होती. पश्चिमेच्या तीरावरची झाकणं बुचासारखी जाड, पूर्वेची कागदासारखी पातळ. कोळी मात्र डोळ्यांना हुबेहूब एकसारखे. केस मोजले, दात मोजले, डोळ्यांमधली अंतरं मोजली; तिळाएवढा फरक नाही. शिडी म्हणायची, या दोन वेगळ्या जाती आहेत. परीक्षक म्हणाले, मातीचा फरक. मग शिडीनं एक मादी पूर्वेकडून जिवंत आणली, कुंडीत पश्चिमेची माती भरली आणि मादी तिच्यात सोडली. सहा दिवसांनी मादीनं दार बसवलं. पातळ. माती पश्चिमेची, दार पूर्वेचं! शिडी कुंडी घेऊन विभागभर नाचली.

“एक कोळी म्हणजे पुरावा नव्हे,” परीक्षक म्हणाले. “आणि झाकण म्हणजे अवयव नव्हे. अजून नमुने आणा, शरीरात फरक दाखवा.”

पूर्वेच्या उतारावर तेव्हा सुरुंगाची भोकं पाडायला सुरुवात झाली होती. शिडी काविळीनं पडलेली. म्हणून बूच एकटी गेली, माशांचे नमुने गोळा करणाऱ्या दोघांच्या जीपमधून. दिवसभर खणून बारा कोळी काढले. जीपशी येऊन बघते तर खडबडीत रस्त्यावर स्पिरिटच्या डब्याचं झाकण निघालेलं आणि डबा ठणठणीत. परत यायला दोन दिवस. जिवंत आणायची सोय नाही, कारण पत्र्याच्या जीपमध्ये उन्हानं कोळी मरतात आणि सडतात. मागच्या खेपेच्या नवांतून कुंडीतली ती एकटीच वाचली होती. परवा सुरुंग उडणार. शिडीनं निघताना बजावलेलं: फक्त स्पिरिट, दुसरं काही घातलंस तर पाय लाकडासारखे होतात.

मासेवाल्यांकडे फॉर्मॅलिन होतं. बुचीनं ते घातलं.

परतल्यावर तिनं कोळी पाण्यात धुतले, वास जाईपर्यंत धुतले, स्पिरिटात घातले आणि लेबलावर लिहिलं, ‘स्पिरिट’.

शिडी अंथरुणावरून उठून आली, पिवळी जर्द. भिंगाखाली बघत म्हणाली, “बुचे, पाय ताठ का गं झाले?”

“या खेपेचं स्पिरिट कडक होतं.”

शिडीनं मान हलवली. तिनं बुचीचं म्हणणं कधी तपासून पाहिलंच नव्हतं, तेव्हा तरी का पाहील?

बारा कोळ्यांच्या शरीरात फरक निघाला नाही. परीक्षकांनी सांगितलं, प्रकरण काढा आणि पदवी घ्या. शिडी म्हणाली, “प्रकरण राहू द्या, पदवी तुम्ही घ्या.” आणि गेली. लांबच्या गावी शाळेत शिकवायला गेली. तिथून लग्न करून समुद्रापार. जाताना तिनं कुंडी बुचीच्या हातात दिली आणि एक बंद नळी दिली. तिच्यात त्या मादीनं टाकलेली पहिली कात होती, खाली निळे, पाणी शोषणारे खडे, तोंडाला मेण, आणि शिडीच्या काटकुळ्या अक्षरातलं लेबल.

“दार बघत जा, बुचे. जाड झालं तर कळव. मी चुकले असं समजेन.”

कुंडी तेरा वर्षं काकूंच्या खिडकीत होती. झाकणवाल्यांच्या माद्यांना मरणाची घाई नसते. तेरा वर्षांत नऊ वेळा तिनं कात टाकली आणि दाराबाहेर ढकलली. काकूंनी प्रत्येक कात कागदाच्या पुडीत ठेवली. शिडीची वर्षाला दोन पत्रं यायची. शाळा, मुलगी, तिथली थंडी, आणि शेवटी एकच ओळ: दार अजून पातळच घालते ना गं?

मग एका सकाळी दार उघडं राहिलेलं दिसलं. मादी आत आकसून मेली होती. आता बघा, जिनं अकरा हजार नळ्या भरल्या तिला या एकीची नळी भरवेना. काकूंनी बीळ मातीनं बुजवलं आणि तिला तिथेच राहू दिलं. शिडीचं पत्र येऊन पडलं होतं, शेवटची ओळ तीच. काय लिहावं ते सुचेना, म्हणून काकूंनी उत्तर लांबणीवर टाकलं.

आणि तीन महिन्यांनी विभागात एक पाहुणे व्याख्यान द्यायला आले. काकू शेवटच्या बाकावर, स्लाइडचा दिवा सांभाळायला. पाहुणे म्हणाले, डोळ्यांना एकसारखे दिसणारे कोळी डीएनएत कोसांनी वेगळे निघतात. म्हणाले, स्पिरिटातला नमुना असेल तर पन्नास वर्षांनीही जमेल. फॉर्मॅलिनमधला असेल तर विसरा.

काकू घरी आल्या आणि त्यांनी कुंडी उपसली. मातीत मातीच होती.

त्यानंतर त्यांनी शिडीच्या पत्राला उत्तर लिहिलं नाही. कोणत्या तोंडानं लिहिणार? तू बरोबर होतीस, आणि ते दाखवायचे दोन्ही रस्ते मी माझ्या हातांनी बुजवले? शिडीची आणखी तीन पत्रं आली. मग थांबली. याला बावीस वर्षं झाली. राग आला असता तर बरं झालं असतं. राग कधीतरी विझतो. हे नुसतं आत बसून राहिलं. कुठे उंच बाई पाठमोरी दिसली की काकूंची पावलं अजूनही जलद पडतात.

तर, चिमटी स्टुलावर बसली होती आणि आपल्या हातांना दोष देत होती.

“तुझे हात चांगले आहेत,” काकू म्हणाल्या. “आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? ते बारा आधी फॉर्मॅलिनमध्ये होते.”

चिमटी बघतच राहिली. “लेबलावर स्पिरिट लिहिलंय.”

“मीच लिहिलंय.”

“काकू, चार महिने! चार महिने मी... आणि तुम्ही रोज मला चहा देत होतात!”

“हो.”

“जुनं लेबल काढायचं नाही म्हणे! चूक राहू द्यायची म्हणे!” ती उठली आणि दार असं आपटून गेली की एकोणतीस कपाटांतल्या बरण्या किणकिणल्या. काकूंनी एकेक कपाट उघडून काही फुटलं नाही ना ते पाहिलं. मग खाली बसल्या. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्यावर योग्य कारणासाठी रागावलं होतं. त्यांना थोडं बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी चिमटी दोन चहा घेऊन आली. एक काकूंपुढे आदळला.

“मी अजून रागावलेली आहे.”

“राहा की. चहा गार करू नकोस.”

“रात्रभर वाचत बसले. फॉर्मॅलिननं अक्षरं एकमेकांना जखडून टाकली आहेत, सोडवायला गेलं की तुकडे पडतात. त्या उताराचं दुसरं काही कुठेच नाही? सुकलेला पाय? अंड्यांचं कोसलं? अहो, टाकलेली कात असती तरी प्रयत्न केला असता!”

काकूंनी कप बशीत ठेवला आणि पर्स उचलली.

पुड्यांचा डबा घरी कपाटात वरच्या फळीवर होता. यजमान घड्याळाचं भिंग डोळ्याला लावून वर्तमानपत्र वाचत होते. निवृत्तीनंतर त्यांना चष्म्यापेक्षा तेच बरं वाटतं.

“देणार?” त्यांनी विचारलं. त्यांना सगळं माहीत होतं. दर वर्षी एका ठरावीक दिवशी हा डबा उतरतो, पुड्या उघडतात, काती तळहातावर घेतल्या जातात आणि त्या दिवशी बायकोशी कमी बोलायचं असतं, हे ते अनुभवानं शिकले होते.

“दळून टाकतात हो त्या. परत येत नाहीत.”

“मग नको देऊस.”

“नको कशी देऊ?”

“मग मला कशाला विचारतेस?” ते पुन्हा वर्तमानपत्रात शिरले.

काकूंनी सर्वांत नव्या दोन काती नेल्या. दोन्हींत बुरशी निघाली. आणखी तीन नेल्या. काहीच नाही. मग उरलेल्या चार. तीनमधून शून्य, आणि चौथीतून मात्र अक्षरं आली. स्वच्छ, भरपूर. चिमटीनं ती जगभरच्या नोंदींशी ताडून पाहिली आणि खाली आली ती विचित्र चेहरा करून.

“काकू, तोंड उघडा.”

“का?”

“उघडा तर.” तिनं कापसाची काडी गालातून फिरवली आणि गेली. दोन दिवसांनी परत आली.

“वाटलंच होतं. ती अक्षरं माणसाची आहेत. म्हणजे तुमची. तुम्ही या काती हातात घेत होतात का?”

काकूंनी आपल्या बोटांकडे पाहिलं.

“नुसत्या हातांनी? किती वेळा?”

“वर्षातून एकदा.”

चिमटी ओरडायच्या तयारीनं आली होती. पण काकूंचा चेहरा पाहून तिनं स्टूल ओढलं आणि शेजारी बसली. तेरा वर्षांच्या काती, आणि बावीस वर्षं त्यांवर फिरलेली बोटं. मशीन बिचारं खरं तेच सांगत होतं: त्यात कोळी उरलाच नव्हता, काकूच होत्या.

घरी यजमानांनी डबा रिकामा पाहिला. रिकामा नव्हता. तळाशी मेणानं बंद केलेली नळी होती.

“ही नाही नेलीस?”

“ती शिडीची आहे. ती मी कधी उघडलेली नाही.”

यजमानांनी भिंग काढलं. “अगं, मग तीच तर चालू असणार. बाकीच्यांत तू हात घातलास. माझ्याकडे लोक घड्याळ आणायचे, आधी घरी खोलून बघितलेलं. मी सांगायचो, न खोललेलं असेल तर आणा, दुरुस्त करतो.”

“त्यात तिचं अक्षर आहे हो.”

“लेबल दळणार आहे का ती पोरगी?”

नाही. लेबल दळणार नव्हती. काकूंनाही ते ठाऊक होतं. पण ती नळी बंद होती तोवर शिडी नुकतीच गेली आहे असं म्हणता येत होतं. मेण अजून तिच्या अंगठ्याच्या ठशासकट होतं. ते फोडलं की पस्तीस वर्षं एकदम आत शिरणार. आठवडाभर काकू नळी पर्समध्ये घालून कामावर नेत होत्या आणि परत आणत होत्या. आठव्या दिवशी सकाळी त्यांनी ती चिमटीच्या टेबलावर ठेवली आणि जिना उतरून स्पिरिटची पातळी बघायला लागल्या. चौदाव्या कपाटातल्या सगळ्या नळ्यांत दोनदा भर घातली.

शिडी नीटनेटकी बाई होती. निळे खडे पस्तीस वर्षांनीही थोडे निळेच होते.

अक्षरं थोडीच आली, दोनशे अकरा. चिमटीनं कातीच्या दुसऱ्या पायावरून पुन्हा वाचली, तीच. पश्चिमेच्या चौदांशी ताडली. दर दहा अक्षरांत एखादं वेगळं. म्हणजे हात आखडून सांगायचं तरी वीस ते चाळीस लाख वर्षांची ताटातूट. ओढा आहे त्याच्याहूनही जुनी. डोळ्यांना हुबेहूब, दार वेगळं, आणि रक्त केव्हाचं वेगळं.

“तरी एकच मादी आहे,” काकू म्हणाल्या. “एक कोळी म्हणजे पुरावा नव्हे.”

“नव्हेच. तसंच लिहिणार आहे. पण तेव्हा नुसतं एक दार होतं. आता एक दार आणि दोनशे अकरा अक्षरं आहेत. प्रकरण राहतंय, काकू. सरांना सांगून आले.” मग तिनं हातातला दुसरा कागद पुढे-मागे केला. “त्या नळीत थोडी माणसाचीही आली. तुमची नाहीत. माझीही नाहीत. ती आम्ही टाकून देतो, घाण म्हणून.”

“टाकू नकोस,” काकू म्हणाल्या. त्यांनी हात पुढे केला. कागदावर दीड ओळ होती, अर्थ न लागणारी. त्या बराच वेळ वाचत होत्या.

“शोधू का त्यांना?” चिमटीनं विचारलं. “नाव सांगा, पाच मिनिटांत सापडतील.”

“सापडली आणि नसली तर?” काकू म्हणाल्या. “मी लिहीन. जुना पत्ता आहे.”

“बावीस वर्षांपूर्वीचा?”

“ती एकदा घर केलं की हलणारी नाही,” काकू म्हणाल्या, आणि स्वतःच हसल्या, कारण ते साफ खोटं होतं. न हलणारी दुसरीच होती.

नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात काकूंनी पूर्वेच्या बारा नळ्या खाली काढल्या. बारा लेबलं कापली, पेन्सिलीला टोक केलं. ‘आधी फॉर्मॅलिन, धुऊन स्पिरिटात. त्या वेळी लिहिलं नाही. डीएनए मिळणार नाही.’ खाली सही आणि आजची तारीख. बाराही लेबलं जुन्यांच्या मागे सरकवली. काचेतून पुढचं खोटं दिसत होतं, मागचं खरं त्याच्या पाठीला टेकून. नियमाप्रमाणे.

त्याच मजकुराचं तेरावं लेबलही त्यांनी लिहिलं, पण ते नळीत घातलं नाही. ते पत्राच्या पाकिटात गेलं, चिमटीच्या प्रकरणाच्या पहिल्या पानाबरोबर आणि त्या दीड ओळीच्या कागदाबरोबर. पत्राचे चार कच्चे खर्डे फाटले. त्यांत खुलासे फार होते. पाचवा टिकला, कारण तो लहान होता.

‘शिडे, बारा कोळी मी फॉर्मॅलिनमध्ये घातले होते. स्पिरिट कडक नव्हतं. तू बरोबर होतीस, ते सोबत आहे. तुझ्या नळीत तुझीही काही अक्षरं निघाली, ती परत पाठवते. तू शेवटच्या चारही पत्रांत विचारलं होतंस त्याचं उत्तर: हो. पातळच. शेवटच्या दिवसापर्यंत पातळच घातलं.’

टपाल कचेरीतल्या माणसानं पाकीट तोललं, पत्ता वाचला आणि म्हणाला, “बाई, तिकडचे पोस्टकोड आता बदललेत बहुतेक. पोचेल न पोचेल.”

“तुम्ही शिक्का मारा,” काकू म्हणाल्या.

त्यानं मारला. काकू घरी आल्या. खिडकीतल्या कुंडीत नुसती मातीच होती, बावीस वर्षं त्यांनी तीत काही लावलं नव्हतं. त्यांनी सवयीनं माती थोडी ओली केली, आणि मग, आजूबाजूला कुणी नाही हे पाहून, काडीनं तिच्यावर दोनदा टकटक केलं.